तेजीच्या दिवसांचीही विचारपूस हवी

३० मार्च हा जागतिक बायपोलर दिन. चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग यांचा जन्मदिवस, तेजीचा उन्माद आणि नैराश्य यांत झुलवणाऱ्या या मानसिक आजाराच्या जागृतीसाठी निवडला गेला. यवतमाळ जिल्ह्याच्या झरी जामणी तालुक्यातल्या मुकुटबनकडे याच सुमारास कापसाचे, उधारीचे हिशेब होतात आणि येत्या खरिपाचे बेत सुरू होतात. अशा दिवसांत एखाद्या घरातला तरुण रात्र-रात्र झोपत नाही, तरी थकत नाही. अखंड बोलतो, ऐपतीपलीकडचे वावर मक्त्याने ठरवून येतो. घरचे म्हणतात, ‘पोरगं उमेदीत आहे.’ काही महिन्यांनी तोच अंथरूण सोडत नाही, दोन घास खात नाही. दवाखान्याची वाट धरली जाते ती तेव्हा.

निदान चुकते ते इथे. रुग्ण उदास असताना डॉक्टरांपुढे येतो आणि आधीच्या तेजीबद्दल कोणी बोलत नाही. केसपेपरवर ‘एफ ३२’, म्हणजे नैराश्य, असा संकेतांक पडतो. खरा असतो ‘एफ ३१’, बायपोलर. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहाव्या आजार-वर्गीकरणातला हा एका आकड्याचा फरक उपचारच बदलून टाकतो. अशा रुग्णाला लिथियमसारखे मन स्थिर ठेवणारे औषध न देता नुसते नैराश्यावरचे औषध दिले, तर तो उन्मादात जाण्याचा धोका असतो. आणि तो हसू-बोलू लागला की ‘बरा झाला’ म्हणून घरचे गोळ्या बंद करतात. उन्मादात भास-भ्रम झाले, तर ‘एफ २०’, स्किझोफ्रेनिया, असा शिक्काही बसू शकतो. मग जुना कागद पाहून नवा लिहिला जातो आणि चूक वर्षानुवर्षे चालत राहते.

‘एफ ३१’च्या टिंबापुढचा आकडा आजची अवस्था सांगतो: १ म्हणजे उन्माद, ४ म्हणजे तीव्र नैराश्य, ७ म्हणजे आजार सध्या शांत. म्हणून प्रत्येक भेटीत तो तपासायला हवा. मानसिक आजाराचे निदान मान्यताप्राप्त निकषांवरच व्हावे, असे २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो. विम्यातही या आजारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने स्थान देण्याचे बंधन त्याने घातले आहे. चुकीचा संकेतांक हा रुग्णाच्या हक्कालाही धक्का आहे.

शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या यवतमाळ जिल्ह्यात २०१५ पासून शेतकऱ्यांच्या समुपदेशनाचा ‘प्रेरणा’ प्रकल्प आला. शेतकऱ्याच्या उदासीची विचारपूस करायला आपण शिकलो, हे मोठेच काम झाले. आता पुढचा प्रश्नही विचारला पाहिजे: ‘झोप कमी असूनही सलग काही दिवस अंगात भलताच जोर होता, असे कधी झाले होते का?’ तेलंगणाच्या सीमेवरच्या या भागात तो मराठीइतकाच तेलुगूत, कोलामीतही विचारावा लागेल.

घरच्यांनीही जुने कागद जपावेत. ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक कुठल्याही वेळी लागतो. आणि दवाखान्यात जाताना, त्या जागत्या रात्री जिने पाहिल्या, ती आई किंवा बायको सोबत असू द्यावी. रुग्णाला त्या रात्री आजारासारख्या वाटलेल्याच नसतात. डॉक्टरांना त्या तिच्याकडूनच कळतील.