आधी कंठ, मग रंग

जीर्णोद्धार हा शब्द आपल्याकडे देवळाच्या सावलीत वाढला. त्याच्यामागे संकल्प आहे, वर्गणी आहे, आणि पूर्वजांनी जे उभारले ते आपल्या हातून उणे होऊ नये ही भीतीही आहे. हा भारदस्त शब्द आज जुन्या टेपरेकॉर्डरवर सोनेरी रंगाचा फवारा मारण्याच्या उद्योगास लाविला जात आहे. भंगारवाल्याकडून जुना टू-इन-वन आणावयाचा, त्याच्या पोटातील कॅसेटची यंत्रणा उपटून टाकावयाची, तेथे ब्लूटूथची एक लहानशी पट्टी चिकटवावयाची, वरून चकचकीत रंग द्यावयाचा आणि 'जुन्या यंत्राचा जीर्णोद्धार केला' असे अभिमानाने सांगावयाचे, असा हा उद्योग आहे. आमचे म्हणणे स्पष्ट आहे. हा जीर्णोद्धार नव्हे, मूर्ती काढून घेऊन गाभाऱ्याला दिलेली रंगसफेदी होय.

ज्यास पाश्चात्त्य लोक बूमबॉक्स म्हणतात त्यास आपल्याकडे त्या नावाने कोणी हाक मारिली नाही. आपण त्यास टू-इन-वन म्हटले, कारण रेडिओ आणि टेप हे दोन्ही त्यात होते. फिलिप्स कंपनीने १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात आपली लहान कॅसेट जगापुढे मांडली आणि १९६६ साली रेडिओ व कॅसेट यांची एकाच पेटीत सांगड घातली. पुढे जपानी कारखान्यांनी ती पेटी मोठी केली, तिला दोन ध्वनिक्षेपक दिले आणि उचलून नेण्यास मूठ दिली. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर कृष्णवर्णीय व पोर्तोरिकन तरुणांनी ती खांद्यावर घेतली, आणि त्यांच्या नव्या संगीताची ती खूण झाली. १९८९ सालच्या 'डू द राइट थिंग' या चित्रपटात रेडिओ रहीम नावाचे पात्र जी पेटी घेऊन फिरते, ती आज वॉशिंग्टनच्या आफ्रिकी-अमेरिकी इतिहास व संस्कृती संग्रहालयात जतन करून ठेविली आहे. त्या समाजाने आपल्या आवाजाचे साधन भंगारात काढिले नाही.

आपल्याकडे ही पेटी आली ती मुख्यतः आखाताच्या वाटेने. परदेशी मालावर जकात जबर होती, त्यामुळे कुवेत, बहारीन, दुबई येथून सुटीवर येणाऱ्या माणसाच्या सामानात टू-इन-वन असणे ही त्याच्या कष्टांची पावती मानली जाई. आणि गोव्यातील घराघरांत तिने केवळ चित्रपटगीते ऐकविली असे नव्हे. तिच्यावर लाल रंगाची एक कळ होती. ती कळ दाबिली की भजनीबुवांचा अभंग, आजीची ओवी, देवळातील कीर्तन फितीवर उमटे. त्यापूर्वी ध्वनिमुद्रण हे मोठ्या कंपन्यांच्या हाती होते आणि कोणाचा गळा टिकावा हे ते लोक ठरवीत. पीटर मॅन्युएल यांनी १९९३ साली 'कॅसेट कल्चर' या ग्रंथात उत्तर हिंदुस्थानच्या संदर्भात ही मक्तेदारी कॅसेटने कशी मोडिली ते विस्ताराने दाखविले आहे. आपल्या गावांत ती मोडण्यास ग्रंथाची गरज नव्हती, ती लाल कळ पुरेशी होती.

आता आमचा स्वतःचा अपराध सांगणे प्राप्त आहे, कारण स्वतः आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिल्यावाचून दुसऱ्यावर आरोप करणे आम्हांस शोभणार नाही. आमच्या देवस्थानात असाच एक टू-इन-वन होता. १९८३ साली आखातात नोकरीस असलेल्या एका महाजनाने तो देवास अर्पण केला होता, आणि पेटीच्या पाठीवर खिळ्याने कोरून आपले नाव, गाव व साल लिहिले होते. पुष्कळ वर्षे तो कार्यालयातील कपाटावर मुका पडून राहिला. दोन वर्षांपूर्वी जत्रेच्या निमित्ताने जुन्या वस्तूंचे प्रदर्शन मांडावयाचे ठरले. एका उत्साही कारागिराने पेटी 'नवी करून' देण्याचे कबूल केले. समितीने ठराव केला. त्या ठरावावर आमचीही सही आहे.

पेटी परत आली ती सोन्यासारखी झळकत. स्वरांच्या खुंट्यांवरील अक्षरे गेली होती, रेडिओच्या काचेवरील आकडे गेले होते, आणि पाठीवरचे दात्याचे नाव रंगाच्या तीन थरांखाली गडप झाले होते. तरीही लोकांनी वाहवा केली, आणि आम्हीही केली.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी एक बाई आल्या. साठी उलटलेल्या, बेळगावला दिलेल्या. त्यांचे वडील आमच्या गावचे भजनीबुवा, १९९१ साली निवर्तले. बाईंच्या हातात एक कॅसेट होती. त्या म्हणाल्या, "वकीलबाब, बाबांचा आवाज ह्याच पेटीवर भरला होता. घरी कुठेच लागत नाही. एकदा ह्याच्यावर लावून द्याल?" त्यांनी स्वतःच कॅसेटचे दार उघडावयास बोट लाविले. दार उघडले नाही. ते गोंदाने चिकटविलेले होते, आणि त्यामागे काहीच नव्हते. यंत्रणा कोठे गेली असे कारागिरास विचारिता तो म्हणाला की भंगारात दिली. त्या बाईंस आम्ही काय उत्तर दिले ते येथे लिहिण्याजोगे नाही, कारण उत्तर नव्हतेच.

ती कॅसेट घेऊन आम्ही फोंड्यास एका वयोवृद्ध दुरुस्तीकाराकडे गेलो. त्याने आपल्या दुकानातील दुसऱ्या पेटीवर ती लाविली. आवाज आला, पण घोंगडीआडून यावा तसा. झांज ऐकूच येईना. आम्ही समजलो की फीत खराब झाली. त्याने मान हलविली, हेडच्या शेजारचा बारीक स्क्रू पेचकसाने केसभर फिरविला, कान लावून पुन्हा फिरविला, आणि एकाएकी झांज वाजली. मागोमाग बुवांचा गळा मोकळा झाला.

त्याने जे समजावून दिले ते प्रत्येक रंगाऱ्याने ऐकावे असे आहे. कॅसेटची फीत ४ मिलिमीटरांहूनही कमी रुंद असते व ती सेकंदास ४.७६ सेंटिमीटर एवढ्या संथ गतीने सरकते. सेकंदास १०,००० कंपने असलेला नाद घेतला तर त्याची एक लहर फितीवर मिलिमीटरच्या सुमारे दोनशेव्या भागात बसवावी लागते. म्हणून हेडची फट फितीशी अगदी काटकोनात असली पाहिजे. ती किंचित कलली की बारीक नाद पुसट होतात. घरगुती पेट्यांचे हेड वापराने थोडे कललेले असत. ज्या पेटीवर ध्वनिमुद्रण झाले तिचा कल फितीवर उतरे, आणि ती फीत त्याच पेटीवर सर्वांत स्वच्छ वाजे. म्हणजे बाई भाबडेपणाने नव्हे, तर अगदी बरोबर बोलल्या होत्या. त्या कुलुपाची किल्ली त्याच पेटीत होती आणि ती आम्ही भंगारात घातली होती. दुसऱ्या पेटीचा कल जुळविता आला तो केवळ जुन्या कानाचा एक माणूस भेटला म्हणून.

निघताना आम्ही विचारिले की अशी पेटी दुरुस्तीस आली तर तुम्ही प्रथम काय करिता. तो कोंकणीत म्हणाला, "वकीलबाब, आदीं ताळो, मागीर रंग." आधी कंठ, मग रंग. या चार शब्दांत आमचा सारा पक्ष आला आहे.

खऱ्या दुरुस्तीत मुख्य काम आतले असते. जुने रबरी पट्टे सैल होतात, कित्येकदा डांबरासारखे वितळून चाकांस चिकटतात. ते खरवडून, स्पिरिटाने पुसून नवे पट्टे घालावे लागतात. फीत ओढणारे रबरी चाक कडक झालेले असते, ते न बदलता कॅसेट घातली तर फीत आत गुंडाळून तुटते. सेलच्या कप्प्यातील गळतीने पत्रे खाल्लेले असतात. जुने कपॅसिटर तपासावे लागतात, आवाज कमीजास्त करणाऱ्या खुंटीतील खरखर साफ करावी लागते, हेडवरील काळा थर कापसाने पुसावा लागतो. हे काम वेळ खाते व छायाचित्रात दिसत नाही. रंग तासाभरात होतो आणि लगेच डोळ्यांत भरतो. म्हणून आतले काम मागे पडते व रंग पुढे येतो.

आता पूर्वपक्ष ऐकू. कोणी म्हणेल, "वस्तू आमची, पैसा आमचा, आम्ही हवा तो रंग देऊ." खासगी मालकास आम्ही अडवू शकत नाही, विनवू शकतो. पण देवस्थानाच्या वस्तूस हा युक्तिवाद मुळीच लागू नाही. हिंदू कायद्यात देवता ही स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती आहे. प्रमथनाथ मल्लिक यांच्या खटल्यात १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलने हे तत्त्व उचलून धरिले, आणि मूर्ती म्हणजे कोणी हवी तशी हलवावी अशी सामान्य चीजवस्तू नव्हे असे मानिले. गोव्यातील महाजन असोत वा अन्यत्रचे विश्वस्त असोत, अर्पण झालेल्या वस्तूचे आपण केवळ कारभारी आहोत. कारभाऱ्याने मालाचे स्वरूप पालटू नये हे सांगण्यास वकील लागू नये.

दुसरा म्हणेल, "धूळ खात पडण्यापेक्षा तरुणांच्या हाती वाजते आहे, हे काय वाईट?" वाजते ते यंत्र नव्हे, त्याचे कातडे पांघरलेला दुसराच एक ध्वनिक्षेपक वाजतो. भ्रमणध्वनीवरील गाणे ऐकावयाचे असेल तर बाजारात हवे तेवढे नवे ध्वनिक्षेपक मिळतात. त्यासाठी कॅसेट वाजविण्याची शक्ती असलेली एक पेटी मारण्याचे कारण नाही. आणि तरुणांस ब्लूटूथ हवेच असेल, तर मूळ यंत्रणेस धक्का न लावता ते बाहेरून जोडता येते. अनेक पेट्यांच्या पाठीस त्यासाठी छिद्र आधीपासूनच आहे.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. "कॅसेटमधील आवाज संगणकात उतरवून घेतला की यंत्राचे काय काम?" उतरवून अवश्य घ्या. आमचा आग्रहच आहे. पण ते आधी घ्या, यंत्र मोडल्यावर नव्हे. किती कपाटांत किती कॅसेटी निजल्या आहेत याची आपल्याकडे यादी नाही. जोवर यादी नाही तोवर किल्ली फेकून देणे हा शहाणपणा नव्हे.

हा रोग पेट्यांपुरता नाही, म्हणूनच आम्ही एवढे शब्द खर्ची घालीत आहोत. गोव्यातील व कोकणातील देवळांच्या भिंतींवर चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर तांबड्या मातीची कावी चित्रे होती. नूतनीकरणाच्या उत्साहात त्यांतील पुष्कळ तैलरंगाखाली गेली. जीर्णोद्धार तर्क सुरू होतो तेथे थांबला पाहिजे, असे १९६४ सालच्या व्हेनिसच्या सनदेने वास्तूंच्या बाबतीत सांगितले. आपण तर पुरावा डोळ्यांसमोर असताना त्यावर रंग फासतो. भिंत काय आणि पेटी काय, हात तोच आणि डबाही तोच.

रंगास आमचा सरसकट विरोध नाही. जाळीचा पत्रा गंजला असेल, मूळ थर पापुद्र्यासारखा सुटत असेल, तर रंग द्यावा लागतो. पण त्यास रीत आहे. प्रथम सर्व बाजूंची छायाचित्रे घ्यावी, प्रत्येक अक्षर व आकडा मोजमापासह कागदावर उतरवावा. यंत्रणा पूर्ण बाहेर काढावी, कारण फवाऱ्याचा एक थेंब हेडवर बसला तरी पुढचा त्रास मोठा. साबणाच्या पाण्याने धुवावे. थिनर प्लास्टिकास लावू नये, त्याने ते चिरते व मऊ पडते. अक्षरे शाबूत असतील त्या भागास हात लावू नये, कारण ती वरून छापलेली असतात आणि एकदा पुसली की गेली. बारीक कागदाने हलके घासून, प्लास्टिकाचे अस्तर देऊन, मूळच्या छटेचे पातळ हात द्यावे. चांदीसारखी चमकणारी प्लास्टिकची पट्टी रंगाने तशी होत नाही, तिला तशीच राहू द्यावी. जाळीची भोके बुजवू नयेत. आणि काय बदलले, कोणी बदलले, केव्हा बदलले हे लिहून तो कागद पेटीच्या आत ठेवावा. काढलेला मूळ भाग फेकू नये, पिशवीत घालून पेटीबरोबरच ठेवावा.

आमच्या वाचकांत अनेक देवस्थानांचे महाजन, विश्वस्त व भजनी मंडळांचे चालक आहेत. त्यांस आमची मागणी एवढीच आहे. आपल्या कार्यालयातील व घरांतील कॅसेटींची यादी करा. ज्या पेटीवर त्या भरल्या ती पेटी ओळखून तिच्याजवळच त्या ठेवा. जाणत्या दुरुस्तीकाराकडून पेटी तपासून घेतल्यावाचून त्यात एकही कॅसेट घालू नका. आधी आवाज उतरवून घ्या, आणि तो दोन निराळ्या ठिकाणी ठेवा. हे सारे झाल्यावर रंगाचा ठराव बैठकीपुढे आणा, आणि त्या बैठकीस गावातील एखादा जुना दुरुस्तीकार बोलवा. असे कान आता थोडे उरले आहेत. त्यांची विद्या कोणत्याही पुस्तकात नाही, आणि ती आपण मागितली नाही तर त्यांच्याबरोबरच जाईल.

आमच्या देवस्थानातील सोनेरी पेटी अद्याप कपाटावर आहे. तिच्या पाठीवरील रंग काढून दात्याचे नाव पुन्हा दिसेल काय, याचा प्रयत्न करण्याचा ठराव आम्ही पुढील बैठकीत मांडीत आहोत. त्यावर पहिली सही आमची असेल.