पत्त्यावर माणूस हवं

मनीषनगरच्या आमच्या घराच्या फाटकावर दोन पाट्या होत्या. एक बाबांच्या नावाची, दुसरी माझ्या भावाच्या कंपनीची. भाऊ पुण्यात असतो, काम सगळं तिकडेच चालतं, पण कंपनी काढली तेव्हा नोंदणीकृत कार्यालय म्हणून त्याने हाच नागपूरचा पत्ता दिला. वीजबिल बाबांच्या नावाचं, संमतीपत्रावर सही बाबांची, भाडं शून्य. २०१३च्या कंपनी कायद्याच्या १२व्या कलमाप्रमाणे कार्यालयाबाहेर कंपनीच्या नावाची पाटी लागते आणि ते नाव त्या भागातल्या भाषेतही लिहावं लागतं. म्हणून पाटीवर इंग्रजीखाली मराठी ओळ होती.

बाबा वीज मंडळातून निवृत्त झालेले. कंपनीच्या नावाने जे येईल ते त्यांनी दोनशे पानी वहीत चढवायला सुरुवात केली. तारीख, कुणाकडून, साधं टपाल की रजिस्टर, भावाला फोटो किती वाजता पाठवला. पाकिटावर कंपनीचं नाव असलं की गालिच्याच्या सेलची जाहिरातसुद्धा वहीत जायची.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात भाचीच्या लग्नासाठी मी आणि नवरा न्यू जर्सीहून सहा आठवडे नागपूरला होतो. न्यू जर्सीत माझा फराळाचा छोटा धंदा आहे; इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत तुमच्यापैकी अनेकांनी माझ्या चकल्या नेल्या आहेत. त्यासाठी एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी, काढताना ‘रजिस्टर्ड एजंट’च्या रकान्यात मी माझंच नाव आणि घरचा पत्ता घातला होता. घरचं माणूस असताना वर्षाला शंभर-सव्वाशे डॉलर कुणाला कशाला द्यायचे, हा हिशेब. डबे पुरवणाऱ्या एकाशी फुटक्या मालावरून माझा वाद चालू होता. आम्ही निघाल्यावर चौथ्या दिवशी त्याचं समन्स घरी बजावलं गेलं. घर सांभाळायला राहिलेल्या पुतण्याने ते घेतलं आणि किराणा दुकानांच्या जाहिरातींच्या ढिगावर ठेवून दिलं.

न्यू जर्सीत उत्तर द्यायला ३५ दिवस मिळतात. सहा आठवड्यांचे होतात ४२. परतलो तेव्हा मुदत टळून गेली होती आणि समोरच्याने एकतर्फी निकालासाठी अर्ज केला होता. बाजू मांडायची परवानगी मिळाली, पण वकिलाची फी मूळ बिलाहून जास्त झाली. बाबांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, “अगं, पत्ता देऊन ठेवला न् घरी कोणी नाही, असं कसं करून राहिली तू?”

याच्याहून नेमकं मला कुणी सांगितलेलं नाही. रजिस्टर्ड एजंट म्हणजे कंपनीच्या वतीने कोर्टाचे आणि सरकारचे कागद हातात घेणारं माणूस. कंपनी ज्या राज्यात नोंदलेली आहे तिथला खराखुरा रस्त्यावरचा पत्ता लागतो, पोस्टाची पेटी चालत नाही, आणि कामाच्या वेळात तिथे कागद घ्यायला कुणीतरी असावं लागतं. आता आपल्या घरांकडे बघा. दिवसा दोघं कामावर, मुलं शाळेत, आणि दर दोन वर्षांनी घर महिना-दीड महिना बंद. ज्या माणसाच्या वर्षाच्या वेळापत्रकात नागपूर-पुणे आहे, त्याने हे काम स्वतःकडे ठेवूच नये, असं माझं ठाम मत आहे. शिवाय एजंटचा पत्ता सरकारी नोंदीत कुणालाही दिसतो. एका स्नेह्यांकडे सत्यनारायणाच्या आरतीच्या वेळी समन्स घेऊन माणूस दारात उभा राहिला. पन्नास पाहुण्यांसमोर त्यांनी ते घेतलं.

मित्राला किंवा मेहुण्याला एजंट करणं हा आपल्याकडचा आवडता तोडगा. तो मला त्याहून वाईट वाटतो. मेहुणा घर बदलतो, टेक्सासला जातो, कागदोपत्री मात्र जुन्याच पत्त्यावर राहतो. आणि चूक झाली तर त्याला बोलताही येत नाही. पैसे घेणाऱ्याला जाब विचारता येतो.

या सेवांबद्दल तक्रारी आहेत आणि त्या खऱ्या आहेत. पहिलं वर्ष फुकट म्हणतात, दुसऱ्या वर्षी कार्डावरून पैसे कापतात. मोठा आक्षेप वेगळा आहे: डेलावेअरमधल्या विल्मिंग्टनच्या १२०९ नॉर्थ ऑरेंज स्ट्रीटवरच्या एका बैठ्या इमारतीत अडीच लाखांहून जास्त कंपन्यांचा पत्ता आहे, मग हा सगळा मुखवट्यांचा बाजार नाही का? काहींसाठी आहेच. पण एडिसनमध्ये शेव तळणाऱ्या बाईला डेलावेअरची गरज काय? तिथे एलएलसी काढली तरी धंदा न्यू जर्सीत म्हणून इथेही नोंदणी लागते, इथे ७५ डॉलरचा वार्षिक अहवाल भरावा लागतो, आणि तिकडे दरवर्षी १ जूनपर्यंत ३०० डॉलर वेगळेच. जिथे काम करता तिथेच नोंदणी करा आणि तिथलाच एजंट नेमा. न्यूयॉर्कची गोष्ट निराळी. तिथे कायद्यानेच सेक्रेटरी ऑफ स्टेट कंपनीच्या वतीने समन्स स्वीकारतात आणि तुम्ही कळवलेल्या पत्त्यावर धाडतात. तो पत्ता पाच वर्षांपूर्वीच्या भाड्याच्या घराचा असेल, तर एजंट असून नसल्यासारखा.

सेवा घेतली म्हणजे काम संपलं असं मात्र नाही. एजंट कागद पुढे पाठवतो, उत्तर देत नाही. त्याच्या ईमेलकडे जाहिरात समजून दुर्लक्ष केलं तर माझ्या पुतण्याच्या ढिगात आणि तुमच्या इनबॉक्समध्ये फरक उरत नाही.

आता मनीषनगर. आपल्यातले कितीतरी जण भारतात छोटी कंपनी काढतात आणि पत्ता आईवडिलांचा देतात. परदेशी कंपनीने भारतात कार्यालय थाटलं तर त्याच कंपनी कायद्याच्या ३८०व्या कलमाखाली तिला समन्स आणि नोटिसा स्वीकारणाऱ्या, भारतात राहणाऱ्या माणसाचं नाव कळवावं लागतं. देशी कंपनीसाठी अमेरिकेसारखा एजंट नाही. तिथे कार्यालयाचा पत्ताच सगळं झेलतो. कंपनी निबंधकाला शंका आली तर तो प्रत्यक्ष येऊन तपासणी करू शकतो, आणि पत्त्यावर कंपनी सापडली नाही तर नोंदवहीतून नाव काढण्याची कारवाई सुरू करू शकतो. हे सगळं आपण सत्तरीच्या माणसावर टाकतो, ते ‘नाही’ म्हणणार नाहीत हे माहीत असल्यामुळे.

लग्नाच्या त्या मुक्कामात मला कळलं की बाबा पाच वर्षं आत्याकडे वर्ध्याला राहायला गेलेले नव्हते. उड्डाणपूल झाल्यापासून आमच्याकडून वर्धा रोडला लागायला वेळ लागत नाही, बस मिळते, आत्या दर दिवाळीला बोलावते. सकाळी जाऊन रात्री परत यायचे. विचारलं तर म्हणाले, “रजिस्टर आलं न् घर बंद दिसलं, तर?”

मी भावाशी भांडले. नीट भांडले. त्याला वाटत होतं बाबांना कामात राहिल्याचं समाधान मिळतं. थोडं मिळतही असेल. पण वहीतल्या नोंदी मी चाळल्या होत्या. एका पानावर ताप १०२ असताना पोस्टमनची वाट पाहिल्याचं त्यांनीच लिहून ठेवलं होतं.

भावाने संचालक मंडळाचा ठराव केला, धरमपेठेतल्या आपल्या सीएच्या कार्यालयाचा पत्ता रीतसर संमतीने घेतला आणि ३० दिवसांच्या आत पत्ताबदलाचा आयएनसी-२२ अर्ज भरला. त्या कार्यालयात दिवसभर माणसं असतात आणि नोटीस कशाला म्हणतात ते त्यांना कळतं. वर्षाचे काही हजार रुपये द्यावे लागतात.

पाटी बाबांनी स्वतः उतरवली. पुढच्या आठवड्यात ते वर्ध्याला गेले आणि तीन आठवडे राहिले. निघताना किल्ली शेजारी दिली. टपालाबद्दल काही सांगितलं नाही.