झाकली मूठ कोणाची?

कायद्याचा मजकूर उलगडायला वकील लागतो. तो कधीपासून लागू होणार, हे मात्र कोणालाही वाचता येते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संसदेने ऑगस्ट २०२३ मध्ये संमत केला. त्याचे नियम अधिसूचित व्हायला १४ नोव्हेंबर २०२५ उजाडला. त्या वेळी जाहीर झालेले तारखांचे कोष्टक बारकाईने पाहण्यासारखे आहे. कंपन्यांनी नागरिकाची संमती कशी घ्यावी, डेटा फुटला तर कोणाला कळवावे, आपली माहिती पुसून टाका असे नागरिकाला कधी सांगता येईल, चुकणाऱ्याला दंड किती, हे सारे अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये अमलात येणार. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातील एक कलम छाटणारी तरतूद मात्र त्याच दिवशी लागू झाली. नागरिकाचे संरक्षण उधारीवर, सरकारचे रोखीने.

छाटले गेलेले कलम आहे ८(१)(ञ). वैयक्तिक माहिती नाकारण्याची सोय २००५ च्या मूळ कायद्यातही होतीच. पण त्या माहितीचा सार्वजनिक कामाशी वा हिताशी संबंध नसेल, किंवा ती दिल्याने कोणाच्या खासगी आयुष्यात विनाकारण ढवळाढवळ होणार असेल, तरच. व्यापक जनहित दिसले तर ती देण्याची मुभा जन माहिती अधिकाऱ्याला होती. वर एक साधी, सामान्य माणसालाही कळणारी कसोटी होती: जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणाही व्यक्तीला नाकारता येणार नाही. हे सगळे गेले. माहिती ‘वैयक्तिक’ आहे, एवढे म्हटले की आता नकाराला पुरते.

महाराष्ट्राला याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. केंद्राच्या आधी या राज्याने २००२ चा स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला आणि त्यामागे राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांच्या आंदोलनाचा रेटा होता. कुलाब्यातील ‘आदर्श’ सोसायटीत घरे कोणाला मिळाली, हा प्रश्न मुळात नावांचाच होता. माहिती अधिकाराच्या अर्जांनी त्या प्रकरणाला वाचा फोडायला मदत केली आणि नोव्हेंबर २०१० मध्ये मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांना पद सोडावे लागले. त्याच वर्षी जानेवारीत तळेगाव दाभाडे येथे सतीश शेट्टी यांचा खून झाला. जमिनीच्या व्यवहारांची कागदपत्रे ते माहिती अधिकारातून मिळवत असत. रोजगार हमीच्या हजेरीपटावर राबणारा माणूस खरा की कागदी, शिधापत्रिकेच्या यादीतला लाभार्थी हयात आहे का, अधिकाऱ्याने नोकरीसाठी जोडलेला दाखला अस्सल आहे का, यातले काहीही नाव न वाचता तपासता येत नाही. आणि नाव ही वैयक्तिक माहिती आहे.

नकाराची सवय नवी नाही, हेही सांगायला हवे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये गिरीश देशपांडे प्रकरणात एका सरकारी अधिकाऱ्याची सेवाविषयक माहिती, मालमत्तेचे तपशील आणि प्राप्तिकर विवरणपत्रे वैयक्तिक ठरवली. तेव्हापासून देशभरच्या माहिती अधिकाऱ्यांना त्या निकालाचा दाखला तोंडपाठ झाला. तरीही अपिलात ‘जनहित’ या शब्दाला धरून भांडता येत होते. तो आधारच या कलमातून काढून घेतला गेला आहे.

सरकारचे उत्तर ठरलेले आहे: कलम ८(२) शाबूत आहे, जनहित मोठे असेल तर माहिती त्याखाली देता येईलच. उत्तर खोटे नाही, अपुरे आहे. ८(२) खाली सार्वजनिक प्राधिकरण माहिती ‘देऊ शकते’. दिलीच पाहिजे असे नाही. आधी खासगीपणाला खरोखर धक्का बसतो का, हे पाहणे नकार देण्याआधीचे काम होते. आता नकार आधी, आणि जनहित सिद्ध करण्याचे ओझे अर्जदाराच्या डोक्यावर. तहसील कचेरीत पाचवी खेप घालणाऱ्या माणसाला हा फरक वकिलाइतकाच कळतो. न्या. अजित प्रकाश शहा यांच्या समितीने खासगीपणाविषयीचा अहवाल २०१२ मध्ये दिला, तेव्हाच खासगीपणाच्या कायद्याने माहितीचा अधिकार आखडता होऊ नये असे त्यात बजावले होते. डेटा संरक्षण कायद्याच्या २०१८ च्या न्या. श्रीकृष्ण समितीच्या मसुद्यात पत्रकारितेसाठी सवलत होती, २०१९ च्या विधेयकातही होती. २०२३ च्या कायद्यात ती नाही.

खरी गंमत, तिला गंमत म्हणायचे असेल तर, पुढे आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांची मूळ याचिका आधारविरुद्ध, म्हणजे राज्यसंस्थेविरुद्ध होती. असा मूलभूत हक्कच नाही, असे १९५४ आणि १९६२ चे निकाल हाती धरून तेव्हा केंद्र सरकार सांगत होते. आज २०१७ च्या त्याच निकालाच्या आधारे माहिती अधिकारातील दुरुस्तीचे समर्थन केले जाते. नागरिकाने सरकारविरुद्ध मिळवलेली ढाल सरकारने आपल्या पाठीला बांधली.

मग नागरिकाच्या वाट्याला काय आले? दिल्लीच्या ‘एम्स’वर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी सायबर हल्ला झाला आणि देशातल्या सर्वांत नामांकित सरकारी रुग्णालयात नोंदी हाताने लिहायची वेळ आली. जून २०२३ मध्ये टेलिग्रामवरील एका बॉटला मोबाइल क्रमांक दिला की कोविड लस घेतलेल्याचे नाव, ओळखपत्राचा क्रमांक आणि लसीकरण केंद्र समोर येत होते; सरकारने या बातम्याच निराधार ठरवल्या. पुढच्या वर्षी एका मोठ्या आरोग्य विमा कंपनीच्या तीन कोटींवर ग्राहकांची माहिती हाती असल्याचा दावा हल्लेखोराने केला, तोही टेलिग्रामवरच. सीबीआयचा अधिकारी म्हणवणारा माणूस व्हिडीओ कॉलवर निवृत्त शिक्षकाचे नाव, पत्ता, आधार क्रमांक धडाधड सांगतो आणि ‘डिजिटल अटक’ करतो, त्याचे भांडवल अशी फुटलेली माहितीच असते. गृह मंत्रालयाने संसदेत दिलेल्या आकड्यानुसार २०२४ या एका वर्षात सायबर फसवणुकीत देशाने २२,८४५ कोटी रुपये गमावले.

नव्या कायद्यात सुरक्षेत हयगय करणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. तो जमा होणार भारताच्या संचित निधीत. ज्याची माहिती फुटली त्याला एक रुपयाही नाही. उलट माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३अ खाली भरपाई मागण्याची जी वाट होती, तीही याच कायद्याने बंद होणार आहे. खोटी तक्रार केल्यास नागरिकाला दहा हजारांपर्यंत दंड ठेवायला मात्र कायदा विसरलेला नाही. निवाडा करणाऱ्या डेटा संरक्षण मंडळावरच्या नेमणुका केंद्र सरकार करणार, आणि हव्या त्या सरकारी यंत्रणेला सुरक्षा व सुव्यवस्थेच्या कारणाने कायद्यातून वगळण्याचा अधिकारही केंद्राकडेच. आधीच्या मसुद्यात नसलेली एक मेख अंतिम नियमांत मारली आहे: वैयक्तिक डेटा आणि वापराच्या नोंदी कंपन्यांनी किमान एक वर्ष जपायच्या, सरकारला लागल्या तर हाताशी असाव्यात म्हणून. डेटा कमीत कमी साठवावा, हे डेटा संरक्षणाचे पहिले तत्त्व. इथे साठवणूक सक्तीची.

पाळतीचा मामला तर याहून अंधारा. फोन ऐकण्याचा आदेश केंद्रात गृहसचिव देतात. आढावा घेणारी समितीही सचिवांचीच. न्यायाधीश कुठेच नाही. ही समिती दोन महिन्यांतून एकदा बसते आणि एका बैठकीत तिच्यापुढे पंधरा ते अठरा हजार आदेश असतात, असे श्रीकृष्ण समितीने नमूद केले. म्हणजे आदेश वाचले जात नाहीत, त्यांच्यावर शिक्के बसतात. केंद्राकडून महिन्याला साडेसात ते नऊ हजार आदेश निघत होते, हे देशाला समजले ते गृह मंत्रालयाने माहिती अधिकारात दिलेल्या उत्तरामुळे. पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअर प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने समिती नेमली, तिने २९ फोन तपासले, पाचांत घातक सॉफ्टवेअर आढळले, ते पेगॅससच असल्याचे सिद्ध झाले नाही. सरकारने सहकार्य केले नाही असे समितीचे म्हणणे असल्याचे सरन्यायाधीशांनी ऑगस्ट २०२२ मध्ये भर न्यायालयात सांगितले. दुसरीकडे, २०१९ मध्ये व्हॉट्सअॅपमार्फत पेगॅससचे लक्ष्य झालेल्यांत भारतातले शंभर जण होते, हे कळले ते अमेरिकी न्यायालयातील कागदपत्रांवरून.

दबाव आला की सरकार मागे हटते, याचा दाखलाही ताजा आहे. २८ नोव्हेंबर २०२५ रोजी दूरसंचार विभागाने प्रत्येक नव्या मोबाइलमध्ये ‘संचार साथी’ अॅप आधीच भरून देण्याचा आदेश कंपन्यांना दिला. बातमी फुटल्यावर गदारोळ झाला, अॅप काढून टाकता येईल असा खुलासा मंत्र्यांनी केला आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली गेली. चोरीचा फोन शोधायला हे अॅप उपयोगी आहे, यात शंका नाही. उपयोगी वस्तू लोक स्वतःहून घेतात. मोबाइल घरोघरी असल्याने तो आदेश पाच-सहा दिवसांत गारद झाला. माहिती अधिकाराचा अर्ज घरोघरी लिहिला जात नाही, म्हणून ८(१)(ञ) वर तसा आवाज उठला नाही.

तो उठायला हवा. मूळ कलम जसेच्या तसे परत आणावे, फुटलेल्या माहितीची भरपाई थेट बाधिताला मिळावी आणि फोन ऐकण्याच्या आदेशावर न्यायाधीशाची सही असावी, या तीन गोष्टींसाठी नवी समिती नको. अहवाल कपाटात पडून आहेत. माहिती अधिकारातील दुरुस्तीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण कायदा संसदेने बदलला, तो संसदेनेच दुरुस्त करावा. महाराष्ट्रातल्या लोकसभेच्या ४८ खासदारांना त्यांच्या मतदारांनी हे विचारावे. तोवर अर्ज करणाऱ्यांनी मागितलेली माहिती जनहिताची कशी, हे कलम ८(२) चा उल्लेख करून पहिल्या अर्जातच लिहावे, आणि ‘वैयक्तिक’ म्हणून नकार आला तर तीस दिवसांच्या आत प्रथम अपील दाखल करावे.