‘भिण्याचें कारण नाहीं’

साथीचा रोग सुरू झाला म्हणजे अधिकाऱ्यांच्या तोंडून प्रथम जें वाक्य बाहेर पडतें तें बहुधा एकच असतें: ‘भिण्याचें कारण नाहीं.’ हें बोलणाराचा हेतु वाईट असतो असें नाहीं. आईबापही आजारी लेंकराला हेंच सांगतात. परंतु प्रजा म्हणजे लेंकरूं नव्हे. ज्या गांवांत एका आठवड्यांत तीन घरांतून तिरड्या निघाल्या, त्या गांवास भिण्याचें कारण नाहीं असें सांगणें म्हणजे त्याच्या डोळ्यांवर अविश्वास दाखविणें होय. आणि ज्याच्या डोळ्यांवर आपण विश्वास ठेवीत नाहीं, तो आपल्या शब्दावर विश्वास कां ठेवील? लोकांच्या भीतींत पुष्कळदां बातमी असते, ती अधिकाऱ्यांनीं ऐकून घेतली पाहिजे, असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे. निपाह नांवाच्या विषाणूच्या हकीकतीवरून तें मत वाचकांपुढें मांडावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु.

निपाह हें नांव एका खेड्यावरून पडलें. तें खेडें मलेशिया देशांत, सुंगै निपाह म्हणून आहे. १९९८ च्या सप्टेंबर महिन्यापासून त्या देशांतील पेराक प्रांतांत, इपोह शहराच्या आसपास, डुकरें पाळणारे लोक तापानें आजारी पडूं लागले. डोकें दुखे, शुद्ध हरपे, आणि कित्येक दगावत. सरकारी वैद्यांनीं निदान केलें कीं हा जपानी मेंदूज्वर होय. तो रोग डांसांमुळें पसरतो व त्याचा विषाणु डुकरांच्या शरीरांत वाढतो, हें शास्त्रास ठाऊक होतें. शिवाय कांहीं रोग्यांच्या तपासणींत त्या रोगाच्या खुणाही सांपडल्या होत्या. तेव्हां निदान अगदींच निराधार नव्हतें. सरकार हात बांधून बसलें होतें असेंही नाहीं. धूर सोडून डांस मारण्यांत आले, लोकांस लस टोंचण्यांत आली. तरी माणसें मरतच राहिलीं.

आतां खेड्यांतील लोक आपल्या डोळ्यांनीं काय पाहत होते तें पाहा. जपानी मेंदूज्वर विशेषेंकरून लहान मुलांस होतो. येथें मरत होते ते धट्टेकट्टे पुरुष, आणि तेही डुकरांच्या खुराड्यांत राबणारे. डांस कांहीं कोणाचा धर्म विचारून चावत नाहीं. पण डुकरास स्पर्श न करणारे शेजारचे मुसलमान मलायी लोक त्याच डांसांमध्यें राहून सुखरूप होते. माणसें आजारी पडण्यापूर्वीं डुकरें आजारी पडत, आणि तीं अशीं खोकत कीं त्यांचा आवाज दूरवर ऐकूं जाई. लस टोंचून घेतलेलेही दगावत होते. ही सगळी माहिती कोणत्याही प्रयोगशाळेंतून आली नव्हती. ती खुराड्यांतून, स्वयंपाकघरांतून आणि स्मशानांतून आली होती. ती गोळा करून तिचा अर्थ लावण्यास सूक्ष्मदर्शक यंत्राची गरज नव्हती. शेतकऱ्याच्या ओटीवर घटकाभर बसून त्याचें बोलणें ऐकणारा कोणी हवा होता.

लोकांचा धीर सुटला तेव्हां त्यांनीं जें करावयाचें तें केलें. कित्येक घरदार सोडून पळाले. कित्येकांनीं आपलीं डुकरें मिळेल त्या भावानें विकून टाकलीं, आणि त्या विक्रीबरोबर रोगही दक्षिणेकडे नेग्री सेंबिलान प्रांतांत गेला. तेथील बुकित पेलांदोक हा मोठा वराहपालनाचा मुलूख ओसाड झाला. १९९९ च्या मार्च महिन्यांत सिंगापुरांतील कत्तलखान्यांत काम करणारे ११ जण आजारी पडले व त्यांतील एक मरण पावला. डुकरें विकणारा शेतकरी दुष्ट होता काय? त्याला सांगण्यांत आलें होतें कीं रोग डांसाचा आहे. मग डुकरूं विकण्यांत त्याला पाप तें काय दिसावें?

शेवटीं मलाया विद्यापीठांतील चुआ काव बिंग ह्या संशोधकास एका रोग्याच्या पाठीच्या कण्यांतील द्रवांत एक विषाणु सांपडला. हा जपानी मेंदूज्वराचा नव्हे, अशी त्याची खात्री पटली. परंतु आपल्याहून वडील लोक वेगळें म्हणत असतां तसें बोलून दाखविणें सोपें नव्हतें. १९९९ च्या मार्चमध्यें तो ते नमुने घेऊन अमेरिकेंतील फोर्ट कॉलिन्स येथील प्रयोगशाळेंत गेला. तेथील यंत्राखालीं पाहतां विषाणु निराळ्याच कुळांतला निघाला. मग दहा लाखांहून अधिक डुकरें मारण्यांत आलीं व साथ थांबली. तोंपर्यंत मलेशियांत २६५ माणसें आजारी पडून १०५ मरण पावलीं होतीं. फळें खाणारीं वटवाघळें हें विषाणूचें मूळ घर असल्याचें मागाहून कळलें. खुराड्यांशेजारीं लावलेल्या फळझाडांवर तीं येत, आणि त्यांनीं अर्धवट खाल्लेलीं फळें खालीं डुकरांच्या तोंडीं पडत.

आपल्या देशांत हा विषाणु प्रथम आला तेव्हां त्याला कोणीं ओळखलेंच नाहीं. २००१ सालीं बंगालच्या सिलिगुडी शहरांत ६६ लोक आजारी पडले, त्यांतील ४५ मेले. त्यांत रुग्णालयांतील सेवक व रोग्यांस भेटावयास आलेले आप्तेष्ट पुष्कळ होते. तो निपाह होता हें पुढें कित्येक वर्षांनीं सिद्ध झालें. ज्यांनीं रोग्यांची सेवा केली ते काय उराशीं धरीत आहेत हें त्यांस कळलेंही नाहीं.

ह्या पार्श्वभूमीवर केरळांतील २०१८ ची गोष्ट वाचण्यासारखी आहे. कोळिकोड जिल्ह्यांत पेरांब्रा गांवाजवळ एका घरांतील तरुण मे महिन्याच्या आरंभीं तापानें वारला. त्याचा रोग कोणास उमगला नाहीं. पण थोड्याच दिवसांनीं त्याच घरांतील दुसरा मनुष्य तशाच लक्षणांनीं रुग्णालयांत आला, तेव्हां तेथील वैद्यांनीं विचार केला कीं एका घरांत एकच मेंदूज्वर दोघांस होणें हें साधें नव्हे. त्यांनीं नमुने मणिपालच्या प्रयोगशाळेंत पाठविले. आणि २० मे रोजीं पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेनें निपाहचा निर्णय कायम केला. (ही संस्था १९५२ सालीं स्थापन झाली. आपल्या वाचकांपैकीं जे पुण्यास राहतात, त्यांतील किती जणांस ती आपल्या शहरांत आहे हें ठाऊक असेल, देव जाणे.) मलेशियांत ज्या ज्ञानास सहा महिने लागले, तें येथें दुसऱ्या रोग्यापाशींच हातीं आलें. ह्यांत यंत्रांची प्रगति आहे हें खरें. पण यंत्राकडे नमुना पाठवावा असें ज्यास वाटलें, त्या मनुष्याची जागरूकताही आहे.

मग सरकारनें काय केलें? आरोग्यमंत्री शैलजा बाई स्वतः त्या भागांत गेल्या. किती आजारी, किती मृत, किती जणांवर लक्ष ठेविलें आहे, हे आंकडे वरचेवर लोकांपुढें ठेवण्यांत आले. रोग्यांच्या संपर्कांत आलेल्या दोन हजारांहून अधिक माणसांचा शोध घेऊन त्यांस घरींच राहण्यास सांगितलें, आणि नुसतें सांगितलें नाहीं तर त्यांच्या घरीं शिधाही पोंचविला. ‘घरीं बसा’ असें हातावर पोट असलेल्या माणसास सांगणें फुकाचें असतें. त्याच्या चुलीची सोय केल्यावरच त्या आज्ञेस अर्थ येतो. शाळा उघडण्याचा दिवसही त्या जूनमध्यें पुढें ढकलण्यांत आला. आरंभीं त्या घराच्या विहिरींत सांपडलेल्या वटवाघळांवर संशय होता. भोपाळच्या प्रयोगशाळेनें त्यांत विषाणु नाहीं असें कळविलें, तेव्हां तेंही उघडपणें सांगण्यांत आलें. तीं वटवाघळें कीटक खाणारीं होतीं. फळें खाणाऱ्या वटवाघळांत विषाणु पुढें सांपडला. आपला पहिला तर्क जुळला नाहीं हें चारचौघांत सांगणारें सरकार विरळा. त्यानें लोकांचा विश्वास उडाला नाहीं. उलट पुढील बातमी ऐकण्यास लोक तयार राहिले.

तथापि लोकांनींही सर्व कांहीं शहाणपणाचें केलें असें म्हणवत नाहीं. पेरांब्रा येथील सरकारी रुग्णालयांत लिनी पुतुश्शेरी नांवाची परिचारिका होती. पहिल्या रोग्याची शुश्रूषा करितांना तिला रोग लागला व २१ मे रोजीं ती वारली. तिला दोन लहान मुलगे होते. मरणापूर्वीं नवऱ्यास लिहिलेली तिची चिठ्ठी पुढें सर्व देशानें वाचली, आणि वाचून डोळे पुसले. पण त्याच दिवसांत त्याच रुग्णालयांतील तिच्या सोबतिणींस रिक्षावाले बसवून घेईनात, आणि बसमध्यें त्यांच्याजवळ कोणी बसेना. स्मशानांतील कामगारांनीं प्रेतें जाळण्याचें नाकारिलें, आणि प्रकरण फिर्यादीपर्यंत गेलें. मेलेलीचा गौरव आणि जिवंत असलेलींचा विटाळ, हें दृश्य कोणत्याही समाजास शोभणारें नव्हे. प्रस्तुत लेखक भीतीची बाजू घेऊन बोलत आहे खरा. परंतु भीति जेव्हां रोगास सोडून माणसावर जाऊन बसते, तेव्हां तिची बाजू त्यास घेववत नाहीं.

अफवांचें पीकही भरपूर आलें. एका वैद्य म्हणविणाऱ्या गृहस्थानें असा विषाणु नाहींच असें सांगून फळें खाऊन दाखविलीं व त्याचें चित्रण मोबाइलवरून घरोघर पोंचलें. सरकारी शिक्क्याचीं बनावट पत्रकेंही व्हॉट्सॲपवरून फिरलीं. दुसऱ्या टोंकास, केरळचें फळ दिसतांच दूर सारणारेही निघाले. आखातांतील कांहीं देशांनीं तेथील फळें व भाजीपाला घेणेंच बंद केलें. ह्यांत शेतकऱ्याचें काय झालें असेल तें सांगावयास नको. विद्यार्थ्यांनीं येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. मोबाइलवर आलेला मजकूर पुढें धाडणें हें निरोप्याचें काम आहे, आणि निरोप्यानें निरोप कोणाचा हें विचारून घेण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. आईबापांनींही हें मुलांस सांगण्यापूर्वीं आपल्या मोबाइलकडे एकवार पाहावें.

कोणी म्हणेल कीं सगळेंच खरें सांगितलें तर गोंधळ माजेल. अशा वेळीं सक्तीच बरी. सक्तीचा अनुभव महाराष्ट्रास आहे. १८९७ सालीं पुण्यांत प्लेग आला. (तो विषाणूचा रोग नव्हे, जंतूंचा होय, पण सरकारचा व लोकांचा संबंध दोन्हीं ठिकाणीं सारखाच.) रँडसाहेबाच्या हाताखालीं गोरे शिपाई घरांत घुसले, देवघरें व माजघरें त्यांनीं तुडविलीं, आणि माणसें उचलून छावण्यांत नेलीं. रोगी वेगळे ठेवावे हें तत्त्व चुकीचें नव्हतें. पण कां नेतां, कोठें नेतां, परत केव्हां आणाल, हें सांगण्याची ज्यांस गरज वाटली नाहीं, त्यांच्या हातून तत्त्वही बाटलें. लोक रोगी लपवूं लागले. म्हणजे जें व्हावें म्हणून सक्ती केली, त्याच्या नेमकें उलट झालें. त्या सालच्या २२ जूनच्या रात्रीं काय घडलें तें आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत आहेच. त्याच वर्षीं झालेला साथरोगांचा कायदा २०२० च्या करोनाच्या साथींतही आपल्या देशांत लावण्यांत आला, हें मात्र पुष्कळांस ठाऊक नसतें. कायदा तोच असून रीत निराळी असूं शकते.

मग अधिकाऱ्यानें बोलावें तरी कसें? आमच्या मतें त्यानें असें म्हणावें: ‘भिण्यासारखें आहे, म्हणून आम्हीही जागे आहोंत. आम्हांस अमुक ठाऊक आहे, अमुक अद्याप ठाऊक नाहीं. उद्यां सायंकाळीं पुन्हां सांगूं. तोंवर तुम्ही काय पाहतां तें आम्हांस कळवा.’ ह्यांतील शेवटचें वाक्य सर्वांत महत्त्वाचें, आणि तेंच सहसा बोललें जात नाहीं. खेड्यांतील सुईण, तालुक्याच्या रुग्णालयांतील परिचारिका, डुकरें राखणारा पोरगा, ह्यांस कांहीं दिसलें तर तें कोणास सांगावें आणि सांगितल्यावर त्यांस कोणी हिडीसफिडीस करणार नाहीं, एवढी सोय झाली तरी पुष्कळ होईल. तिला पैसाही फारसा लागत नाहीं.

२०१८ च्या त्या साथींत केरळांत १९ रोगी झाले व त्यांतील १७ दगावले. वाचले ते दोघेच. निपाह तेथें पुन्हां पुन्हां आला आहे. २०२३ च्या सप्टेंबरांत तो कोळिकोड जिल्ह्यांत परत दिसला, तेव्हां पुण्याच्या संस्थेनें आपली फिरती प्रयोगशाळाच तिकडे पाठविली, म्हणजे नमुन्यांचा प्रवास वांचला. त्या खेपेस ६ रोगी सांपडले व २ मरण पावले. बाकीच्या चौघांत एक नऊ वर्षांचा मुलगा होता. त्याचा श्वास कित्येक दिवस यंत्रावर चालला होता. सप्टेंबर संपण्यापूर्वीं तो बरा होऊन घरीं गेला.