चालू ग्रुप म्हणजे रोज वाजणारा ग्रुप नव्हे



पीक पाहणीचे दिवस आले की गावोगावचे व्हॉट्सॲप ग्रुप जागे होतात आणि दरवर्षी तोच वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते ग्रुपला कुलूप लावा, फक्त ॲडमिननं बोलायचं. दुसरी म्हणते माणसं बोलतायत तर बोलू द्या की, तुमचं काय जातंय? मला दोन्ही पटत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी हे कशासाठी ते बघू. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीचं ॲप राज्यभर सुरू झालं. पूर्वी पीकपेरा तलाठी लावायचा, आता शेतकऱ्यानं स्वतः रानात उभं राहून फोटोसकट नोंद करायची. नोंद नसली तर काय होतं, ते २०२३ च्या खरिपानं दाखवलं. कापूस-सोयाबीनला हेक्टरी ५००० रुपये, २ हेक्टरपर्यंत, असं अनुदान जाहीर झालं आणि याद्या निघाल्या त्या याच नोंदीवरून. रानात सोयाबीन होतं पण ॲपमध्ये नव्हतं, अशांची धावपळ झाली. पुढं सातबाऱ्यावर नोंद असलेल्यांचाही विचार झाला, पण तोवर हेलपाटे घालून माणूस वैतागला. म्हणजे हा ग्रुप करमणुकीचा नाही. यात वेळेवर उत्तर मिळालं तर पैसे आहेत.

आमचा ग्रुप साठेक जणांचा. निम्मे कराड तालुक्यातले, निम्मे वाळव्यातले, बांधाला बांध लागून. विचारायच्या गोष्टी ठरलेल्या: गट नंबर दिसत नाही, लोकेशन गटाबाहेर दाखवतंय, उसात सोयाबीन आहे तर कसं टाकायचं, ओटीपी येत नाही. सगळ्यात जास्त घोटाळा अपलोडचा. रानात रेंज नसते, फोटो फोनमध्ये राहतो, माणूस घरी येऊन जेवून झोपतो. नोंद झाली असं त्याला वाटतं, पण ती पुढं गेलेलीच नसते. आणि पीक चुकून दुसरंच टाकलं तर दुरुस्तीला ४८ तास. आता विचारा, सकाळी आठला टाकलेला प्रश्न गुलाबाच्या फुलांखाली, वाढदिवसांखाली आणि कुठल्यातरी सभेच्या व्हिडिओखाली गाडला गेला, तर ते ४८ तास कुणाचे गेले?

याला मी पाटाच्या पाण्यासारखं बघतो. वरच्यानं पाळी सोडून दार उघडं ठेवलं की टेलच्या माणसाचं रान वाळतं. वरच्याच्या मनात वाईट नसतं, पण पाणी तर गेलं. ग्रुपचंही तसंच. लक्ष हे पाणी आहे आणि ते मोजकं आहे.

मग कुलूपच का नको? व्हॉट्सॲपनं ही सोय २०१८ साली दिली आणि तेव्हापासून चांगले चांगले ग्रुप या कुलपानं मेले. कारण ॲडमिनला फक्त सूचना माहीत असते, अडचण माहीत नसते. अडचण रानात उभ्या माणसाला माहीत असते. त्याचं तोंड बंद केलं की तो एकट्या ॲडमिनला फोन करतो, उत्तर एकाच्याच कानात राहतं आणि तोच प्रश्न दिवसात वीसदा येतो. महिन्याभरात ॲडमिन फोन उचलायचा बंद होतो. संपला ग्रुप.

काही ॲडमिन भीतीनं कुलूप लावतात, कुणी काही भलतंच टाकलं तर केस आपल्यावर येईल म्हणून. २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं सांगितलंय की सदस्यानं टाकलेल्या मजकुराबद्दल, दोघांचा मिळून तसा बेत असल्याशिवाय, निव्वळ ॲडमिन आहे म्हणून माणूस दोषी ठरत नाही. तेव्हा या भीतीपायी कुलूप नको. खरी भीती वेगळीच आहे. पीएम किसानच्या नावानं एपीके फाइल फिरतात, दाबलं की बँक खातं मोकळं. सरकारी योजनेचं नाव असलं की खात्री न करता पुढं ढकलायची सवय लागलीय. आमच्यात नियम एकच: ॲप घ्यायचं ते प्ले स्टोअरवरूनच, आणि ग्रुपवर एपीके दिसली की कुणाचीही असो, लगेच काढायची. आधार नंबर आणि ओटीपी तर ग्रुपवर टाकायचाच नाही.

बाकी जे मला चालताना दिसलंय ते सांगतो.

एक काम, एक ग्रुप. गप्पांना दुसरा ग्रुप काढा. गुड मॉर्निंगवाल्या माणसालाही जागा पाहिजे, नाहीतर तो इथंच येणार.

प्रश्न टाकताना स्क्रीनचा फोटो आणि आपण कुठं उभे आहोत ते लिहायचं. "ॲप चालत नाही" याला उत्तर नसतं.

थोरल्या माणसाला चारचौघात टोकायचं नाही. आबांनी फुलं टाकली तर संध्याकाळी पारावर सांगा, नाहीतर फोन करा. ग्रुपवर बोललात तर आबा गप्प होतील, आणि त्यांच्याबरोबर त्यांचं चाळीस वर्षांचं शहाणपणही जाईल.

बायकांना ग्रुपमध्ये घ्या. सातबारा तिच्या नावावर, ओटीपी त्याच्या फोनवर, आणि अडलं तर विचारणार कोण?

ॲडमिनकी पाळीनं करा. हंगामाला दोघं. एकाच्याच गळ्यात धोंड नको.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: उत्तर मिळालेल्यानं परत येऊन सांगायचं. "झालं", किंवा "नाही झालं, मग असं केलं". बहुतेक ग्रुप इथं मरतात. उत्तर देणाऱ्याला आपलं उत्तर लागू पडलं का तेच कळत नाही, मग तो दुसऱ्यांदा कशाला सांगेल? ते एक "झालं" पुढच्या दहा जणांचा प्रश्न वाचवतं.

आपल्या सांगली भागातूनच उभं राहिलेलं 'होय आम्ही शेतकरी'सारखं मोठं पान माहिती लांबवर पोचवतं, त्याचं काम मोठंच आहे. पण माझ्या गटावर लोकेशन का सरकतंय, हे शेजारच्या बांधावरचाच सांगू शकतो. म्हणून लहान ग्रुप लहानच राहू द्या. व्हॉट्सॲप हजारावर माणसं घेऊ देतं म्हणून भरायची नसतात.

शेवटचं. पाहणी संपली की ग्रुप शांत होतो, मग कुणाला वाटतं तो पडला, म्हणून जोक टाकून जागा ठेवायचा. काही गरज नाही. कुरी वर्षभर चालत नाही, ती पुसून आढ्याला टांगलेली असते आणि पेरणीला खाली येते. विचारल्यावर उत्तर मिळालं, तर तो ग्रुप चालूच आहे.

यंदाची मुदत लागायच्या आधी तुमच्या ग्रुपवर एवढंच विचारून बघा: मागच्या हंगामात कुणाचा प्रश्न उत्तराविना राहिला? काय कळतंय ते मलाही सांगा.