मालक गावी गेल्यावर

वार्षिक परीक्षा आटोपल्या की आपल्या व्यवसायातल्या कुणाचाही फोन शांत राहत नाही. मागणी ठरलेली असते : आम्ही महिना-दीड महिना गावी जातोय, शाळा १५ जूनच्या सुमारास उघडेल, तोवर घर करून द्या. दोन्ही बाथरूम एकदम फोडलेल्या घरात कुणाला राहता येत नाही. घरात दम्याचा त्रास असलेले आजोबा किंवा रांगते मूल असेल, तर त्या धुळीत त्यांना ठेवूही नये. त्यामुळे मोडतोडीची मोठी कामे उन्हाळ्याच्या सुट्टीत निघणे स्वाभाविक आहे आणि घर रिकामे मिळणे ही आपलीही मोठी सोय आहे.

मात्र रिकाम्या घरात विचारणारे कुणी नसते. राहत्या घरात काम चालू असले की घरातली बाई स्वयंपाकघराच्या दारातून सहज म्हणते, "अहो, या भिंतीला आज पाणी मारलंच नाही का?" लादीखाली काय भरताहेत हे आजोबा खुर्ची टाकून बघत बसतात. त्यांना तंत्र कळत नसेल, पण त्यांच्या असण्याने साइटवर एक धाक असतो. मालक गावी गेला की तो धाक जातो आणि शेवटची तारीख तेवढी उरते. या दोन गोष्टी एकत्र आल्या की काम नेमके कुठे बिघडते, हे मुकादमापासून आर्किटेक्टपर्यंत सर्वांना माहीत आहे. जे काम डोळ्यांना दिसते ते होते. ज्या दिवशी काहीच करायचे नसते, फक्त थांबायचे असते, तो दिवस कापला जातो.

जरा हिशेब मांडू. १ मे ते १५ जून म्हणजे पंचेचाळीस दिवस. त्यातले सहा-सात रविवार गेले, कारण बहुतेक सोसायट्या रविवारी ठोकाठोकी करू देत नाहीत. दुपारी दोन ते चारही आवाज बंद. उरले अडतीस-एकोणचाळीस दिवस. बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगचे थर सुकायला दोन-तीन दिवस, पाणी भरून ठेवायला दोन दिवस, कोब्याला आणि गिलाव्याला पाणी मारण्याचे किमान सात दिवस, आणि काम संपल्यावर घर उघडे ठेवून हवा खेळू देण्याचा निदान एक आठवडा. काही कामे समांतर चालतात हे धरले, तरी पंधरा दिवसांहून अधिक काळ असा आहे की त्यात घाई करण्यासारखे काही नाही. हातात राहतात फार तर बावीस-तेवीस दिवस. एवढ्या दिवसांत दोन बाथरूम आणि स्वयंपाकघर नीट होते. किंवा सगळ्या घराचे फर्निचर आणि रंग होतो. दोन्ही होत नाही. मालकाला हे एप्रिलमध्येच सांगायचे असते. एका उन्हाळ्यात पाण्याची कामे आणि पुढच्या उन्हाळ्यात लाकडाची, अशी विभागणी सुचवणारा कंत्राटदार एखादे काम गमावेलही, पण त्याने सुचवले ते बरोबरच आहे.

आता पाण्याविषयी, कारण उन्हाळ्यातल्या कामाचा सगळा जीव तिथे आहे. आयएस ४५६ या संहितेत काँक्रीटला साध्या सिमेंटसाठी किमान ७ दिवस आणि मिश्र सिमेंटसाठी किमान १० दिवस ओले ठेवण्यास सांगितले आहे. कोरड्या, उष्ण हवेत कोणत्याही सिमेंटला १० दिवसांपेक्षा कमी नाही. आज बाजारात मिळणारे बहुतेक सिमेंट फ्लाय ॲश असलेले, म्हणजे मिश्रच आहे, आणि मे महिना म्हणजे उष्ण हवाच. तेव्हा "तीन दिवस मारलं की पुरे" हे साइटवरचे वाक्य कुठल्याच आधारावर टिकत नाही. नवे लिंटल असो, माळ्याची स्लॅब असो की ओट्याखालची पडदी, दहा दिवस धरूनच पुढचे काम लावावे. चंद्रपूर-नागपूरकडे तर गिलावा संध्याकाळी लावावा, दुसऱ्या दिवशी सकाळपासून पोते ओले करून भिंतीला टेकवून ठेवावे. नुसत्या पाइपाने भिजवलेली भिंत तिथे तासाभरात कोरडी होते. असा अर्धवट भिजलेला गिलावा वरून टणक दिसतो. बोटाने टकटक केली की मात्र पोकळ वाजतो, आणि पहिल्या वर्षातच त्यावर जाळीसारख्या बारीक भेगा उमटतात. मग दोष रंगाऱ्याला.

अडचण पाण्याचीच असते, हेही खरे. मेमध्ये अनेक शहरांत पाणीकपात असते आणि सोसायटी टाकीतले पाणी बांधकामाला देत नाही. मग बोअरचे खारे पाणी वापरले जाते. नव्या आरसीसीत क्षारयुक्त पाणी गेले तर सळई गंजण्याची सुरुवात आपणच करून देतो. टँकरचा खर्च अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीत दाखवावा. मालक तो देतो. त्याला कारण सांगितले की देतोच.

बाथरूममध्ये पाणी भरून ठेवण्याची चाचणी तर कधीच कापू नये. नहाणी ट्रॅपचे तोंड बंद करून, उंबऱ्याशी विटेचा बांध घालून, घोट्याच्या खाली राहील एवढे पाणी भरायचे, भिंतीवर पातळीची पेन्सिलने रेघ मारायची आणि ४८ तास हात लावायचा नाही. रेघेखाली थोडे पाणी उतरते, ते बाष्पीभवनाचे असू शकते. म्हणून खरी तपासणी खालच्या मजल्यावर होते. खालच्या घरात जाऊन छताला हात लावून बघायचा, ट्रॅपच्या भोवतीचा गिलावा बघायचा. पण मे महिन्यात खालचेही गावी गेलेले असतात! यासाठी त्यांचा नंबर आणि शेजाऱ्याकडे ठेवलेली किल्ली यांची सोय काम सुरू होण्याआधी करून ठेवावी लागते. खालच्यांचे घर बंद असल्यामुळे चाचणी न करताच लादी बसवली आणि जुलैत त्यांच्या पंख्यावर थेंब पडू लागले, की पुन्हा सगळे फोडावे लागते. त्या वेळी घरात माणसे राहत असतात.

लादीखाली आणि भिंतीत जे झाकले जाणार, ते झाकण्याआधी मालकाला दाखवणे हे आपले कर्तव्य आहे. तो समोर नाही म्हणून ते कमी होत नाही. कन्सील पाइपावर हातपंपाने दाब चढवून, काट्याचा आकडा दिसेल असा फोटो रात्री आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घ्यावा. विजेच्या खाचा बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचा, मोजपट्टी लावून, फोटो असावा. उद्या तिथे कुणी खिळा ठोकेल. एसीला ४ चौरस मिलिमीटरची तार ओढली की अडीचची, आणि ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी बसवला की नाही, हे नंतर कुणी उघडून बघत नाही. म्हणूनच त्याची नोंद आपण ठेवायची.

भिंती पाडण्याबद्दल थोडक्यात, पण ठामपणे. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरची सिद्धी साई इमारत कोसळली, १७ माणसे गेली. तळमजल्यावर चाललेल्या नूतनीकरणात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. खांब-तुळया तर सोडाच, जुन्या भारवाहक बांधणीच्या इमारतीत साधी नऊ इंची भिंत म्हणजेच खांब असतो. स्ट्रक्चरल इंजिनियरचे लेखी मत आणि सोसायटीची परवानगी हातात नसेल, तर मालकाने परगावाहून फोनवर "पाडा" म्हटले तरी घण उचलू नये. गॅसची पाइपलाइन आपल्या प्लंबरने हलवू नये, ते काम गॅस कंपनीच्या माणसाचे. डेब्रिज पालिकेच्या ठरलेल्या जागीच जावे.

दूरच्या मालकाशी होणारे बोलणे हा वेगळाच विषय आहे. कोकणातल्या वाडीत रेंज नसते, मुलाकडे अमेरिकेत गेलेल्यांची तिकडे रात्र असते. लादीवाला थांबलेला आणि मालकाने मोबाइलवर आलेल्या फोटोवरून रंग ठरवायचा, असे निर्णय सहसा पस्ताव्याचे ठरतात. पडद्यावरचा करडा भिंतीवर निळा निघतो. म्हणून निवड सगळी जाण्याआधी. लादी एकाच बॅचची, खोक्यावरचा शेड नंबर ताडून, सात-आठ टक्के जादा घेऊन घरात येऊन पडलेली असावी. हँडल, नळ, सनमायकाचे नमुने सहीसकट एका फळीवर चिकटवलेले असावेत. उरलेल्या प्रश्नांसाठी दिवसातली एक वेळ ठरवावी, आणि कुटुंबातल्या एकाच व्यक्तीचा शब्द अखेरचा धरावा. नवऱ्याचे एक आणि सासऱ्यांचे दुसरे, यात सुताराचे दोन दिवस जातात.

आणि घरातल्या जुन्या वस्तू. मोडतोडीतून निघणारा माल कुणाचा, हे करारात लिहिलेले नसते आणि रिकाम्या घरात तो आपोआप भंगारवाल्याकडे जातो. जुन्या सागवानी चौकटी, पितळी कड्या, माळ्यावरचा तांब्याचा बंब, आजेसासूबाईंचा पाटा-वरवंटा : यांची बाजारातली किंमत आपण जाणतो, घरातली किंमत आपल्याला ठाऊक नसते. माळा रिकामा करताना प्रत्येक वस्तूचा फोटो काढून यादी पाठवावी आणि उत्तर येईपर्यंत काहीही खाली उतरवू नये. देव्हारा हलवायचा तर घरच्यांनी जाण्याआधी आपल्या हाताने देव उचलून दुसरीकडे ठेवावेत, अशी विनंती आपणच करावी. कामगारांवर ती वेळ आणू नये.

कामगारांचाही उन्हाळा असतो. उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थानातून आलेले सुतार, रंगारी, लादीवाले याच दिवसांत लग्नसराईसाठी गावी जातात; मेच्या मधोमध अर्धी टोळी गायब झाली असे आपण म्हणतो. ती गायब होत नाही, आपल्या घरी जाते, जशी आपल्या मालकाची मुले आजोळी जातात. कोण कधी जाणार हे एप्रिलमध्ये विचारून वेळापत्रकात लिहिले आणि जाण्याआधी त्यांचा हिशेब पूर्ण चुकता केला, तर माणसे परत येतात. जे राहतात ते बहुधा साइटवरच झोपतात. त्यांना एक संडास चालू ठेवावा, दोन्ही एकदम फोडू नयेत, प्यायला स्वच्छ पाणी आणि निदान एक पंखा असावा. पॉलिशचे काम सुरू झाले की मात्र झोपण्याची आणि स्वयंपाकाची व्यवस्था घराबाहेर करावी. थिनरचा डबा आणि पेटता स्टोव्ह एका छपराखाली असणे हा जिवाशी खेळ आहे.

शेजारी सगळेच गावी गेलेले नसतात, याचीही आठवण ठेवावी. नीटची परीक्षा मेच्या सुरुवातीला असते, सीईटी त्याच्या आगेमागे. वरच्या मजल्यावर कुणी मुलगी अभ्यासाला बसली असेल, तर फोडाफोडीचे चार दिवस तिच्या परीक्षेनंतर घ्यावेत. कामाचा क्रम फार बिघडत नाही.

लाकूडकामात मे महिना फसवा असतो. कोरड्या हवेत लाकूड आकसलेले असते. या दिवसांत दार चौकटीत अगदी घट्ट, नीटनेटके बसवले की मालक आल्यावर वाहवा करतो, आणि जुलैत तेच दार फुगून अडकते. मग रंधा मारून कड उघडी केली जाते, तीवर पॉलिश राहत नाही आणि पुढच्या पावसात ती आणखी पाणी पिते. दोन-तीन मिलिमीटरची फट आत्ता डोळ्यांना खुपली तरी ठेवावी. दाराची वरची आणि खालची कड, जिथे कुणाची नजर जात नाही, तीही सीलरने बंद करावी. ओल तिथूनच शिरते. बाथरूमच्या दाराला आणि सिंकखालच्या कपाटाला आयएस ७१० ची पाटी असलेलाच प्लाय वापरावा, ३०३ चा कमी प्रतीचा नव्हे, आणि फळी कापण्याआधी शिक्क्याचा फोटो काढावा.

प्लाय, एमडीएफ, डिंक आणि पॉलिश यांतून निघणारे फॉर्मल्डिहाइड व इतर वाफा हा आपल्या व्यवसायाने फार दुर्लक्षिलेला प्रश्न आहे. उष्णता आणि दमटपणा वाढला की फॉर्मल्डिहाइड अधिक बाहेर पडतो. म्हणजे नेमके जूनमध्ये, कुटुंब परतते, पावसामुळे खिडक्या बंद होतात आणि नव्या कपाटांच्या खोलीत मुले झोपतात, तेव्हा. डोळे चुरचुरणे, घसा खवखवणे, दम्याचा झटका येणे ही लक्षणे "नव्या घराचा वास" म्हणून सोडून दिली जातात. ई-१ किंवा त्याहून कमी उत्सर्जनाचा बोर्ड मागून घ्यावा. कापलेल्या सगळ्या कडा बँडने बंद कराव्यात. कपाटांची दारे, खण, खिडक्या उघड्या ठेवून पंखे चालू असा एक आठवडा घर तसेच ठेवावे. हा आठवडा करारात 'काम चालू' म्हणूनच लिहावा. तो मोकळा दिसला की त्यात कुणीतरी आणखी एक कपाट घुसवते.

आम्ही वाचकांना एक ठोस सूचना करतो. घर हाती देण्याची तारीख जूनची असली तरी कामाची अखेरची तारीख ऑगस्टमधली ठेवा. चार-सहा आठवडे पाऊस झाल्यावर एकदा स्वतः जा. दारे उघडून-मिटून बघा, खिडक्यांच्या चौकटीखालची भिंत हाताने चाचपा, खालच्या मजल्यावर जाऊन छत बघा. बिलातला पाच टक्के हिस्सा त्या भेटीपर्यंत मालकाकडेच राहू द्या आणि हे आपण होऊन करारात घाला. मेमध्ये कामे घेणाऱ्या बहुतेकांना हातात पैसे हवे असतात, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून ही रक्कम नफ्यातून धरावी, कामगारांच्या मजुरीतून नव्हे. अशा कराराचा मसुदा कुणी वापरत असेल, तर तो आमच्याकडे पाठवावा. पुढच्या अंकात छापू.