शिबिरातलं मशीन पेटीत, माणूस कोपऱ्यात

आमच्या वस्तीत एक आण्णा आहेत. नामांतराच्या लढ्यात जेलमध्ये गेलेले. आज वय पंच्याहत्तरच्या पुढे. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत जुन्या पावत्या, बाबासाहेबांचा एक फोटो आणि कानाचं मशीन आहे. मशीन एका शिबिरात मिळालं. मंडप होता, बॅनर होता, बॅनरवर पुढाऱ्याचा चेहरा आण्णांच्या चेहऱ्याच्या दहापट मोठा होता. मशीन हातात दिलं, फोटो काढला, पुढचा नंबर.

परवा मी विचारलं, "आण्णा, मशीन का घालत नाही?" तीनदा विचारल्यावर त्यांना कळलं. म्हणाले, "घातलं की नुसती शिट्टी वाजतीया रं. आणि भांड्याचा आवाज तर डोक्यात जातुया. त्यापरीस नगंच."

गावात लोक म्हणतात, म्हाताऱ्याला फुकट मिळालं तरी किंमत नाही. मित्रांनो, हे वाक्य आपण दुसऱ्या संदर्भात शंभर वेळा ऐकलंय. शिष्यवृत्ती दिली तरी शिकत नाहीत, घरकुल दिलं तरी राहत नाहीत. देणारा नेहमी बरोबर आणि घेणारा नेहमी नालायक. म्हणून या मशीनच्या शिट्टीकडे मी राजकीय प्रश्न म्हणून बघतो.

शिट्टी का वाजते? मशीनमधून कानात गेलेला आवाज फटीतून बाहेर येतो, पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि मशीन किंचाळायला लागतं. बहुतेक वेळा कानात बसणारा तुकडा त्या कानाच्या मापाचा नसतो, नाहीतर कानात मळ साठलेला असतो. दोन्हीवर उपाय आहे आणि तो अवघड नाही. भांड्याचा आवाज डोक्यात जातो, कारण मशीन त्या माणसाच्या ऐकण्याप्रमाणे लावलेलंच नसतं. म्हणजे मशीन वाईट नव्हतं. मशीन आणि आण्णा यांच्यामध्ये जो माणूस हवा होता, तो नव्हता. त्याला श्रवणतज्ज्ञ म्हणतात, दवाखान्यातल्या भाषेत ऑडिओलॉजिस्ट.

हा माणूस काय करतो, हे आपल्या कार्यकर्त्यांनाही नीट माहीत नाही. कानाचा डॉक्टर वेगळा, श्रवणतज्ज्ञ वेगळा. श्रवणतज्ज्ञ आधी कानात बघतो. मग पेशंटला आवाजबंद खोलीत बसवून, कानाला हेडफोन लावून बारीक-जाड सूर ऐकवतो आणि किती हळू आवाज कळतो ते प्रत्येक सुराला, प्रत्येक कानाला मोजतो. मग कानामागच्या हाडावर कंपन देऊन बघतो, म्हणजे दोष पडद्याच्या बाजूचा की आतल्या नसेचा ते कळतं. त्याचा आलेख निघतो, तो ऑडिओग्राम. मग शब्द ऐकवून बघतो, कारण सूर ऐकू येणं आणि बोलणं कळणं यात फार फरक आहे. वय झालेल्या माणसाची तक्रार हीच असते की आवाज येतो, पण बोललेलं कळत नाही. स, श, त, फ असल्या बारीक आवाजाची अक्षरं आधी जातात. मग समोरचा ओरडतो. ओरडल्याने जाड आवाज आणखी जाड होतो, गेलेली अक्षरं परत येत नाहीत, आणि म्हातारा म्हणतो, "वरडतोस कशाला?" घरात भांडण लागतं.

यानंतर मशीन निवडायचं, कानाचा साचा घ्यायचा, आलेखाप्रमाणे मशीन लावायचं. आणि खरं काम तर पुढेच सुरू होतं. दहा वर्षं शांततेत राहिलेल्या मेंदूला आवाजाची पुन्हा सवय लागायला आठवडे, कधी महिने जातात. पहिल्या दिवशी घरात एक तास, मग दोन तास, मग अंगणात, मग बाजारात. पंधरा दिवसांनी परत बोलवायचं, कुठे त्रास होतो विचारायचं, मशीन थोडं कमी-जास्त करायचं. घरच्यांना सांगायचं की समोर येऊन, तोंड दिसेल असं, सावकाश बोला. छोट्या सेलचा स्टिकर कधी काढायचा, तो किती दिवस चालतो, रात्री मशीन कसं ठेवायचं, हे हातात देऊन शिकवायचं. ज्याची बोटं ऊसतोडीने आणि खोऱ्याने जाड झालीत, त्याला तो वाटाण्याएवढा सेल बसवता येतो का, हे बघायचं. शिबिरात हे होत नाही. शिबिर संध्याकाळी मंडपासकट उठतं.

राधानगरीच्या माणसाने या सगळ्यासाठी कुठे जायचं? पन्नासेक किलोमीटरवर कोल्हापूरला. वाडीवरून आधी राधानगरी, मग एसटी, मग रांग. बरोबर एक माणूस हवाच, कारण नंबर पुकारलेला त्याला ऐकू येत नाही. म्हणजे दोन माणसांचा रोज बुडाला. एवढं करून पंधरा दिवसांनी परत जायचं? कोण जाईल? केंद्राचा बहिरेपण प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ पासून आहे. त्यात श्रवणतज्ज्ञ जिल्हा पातळीवर धरलाय. खाली डॉक्टरांना प्रशिक्षण आणि कान तपासायचं किट. किट चांगलंच आहे, पण किट पंधरा दिवसांनी "आजी, आता कसं ऐकू येतंय?" असं विचारत नाही.

आता कायद्याकडे या. दिव्यांग हक्क कायदा २०१६ प्रमाणे दोन्ही कानांत ७० डेसिबलचा दोष असेल तर कर्णबधिर, आणि ६० ते ७० असेल तर ऐकण्यास कमी. साठच्या खाली कायद्याच्या लेखी तुम्ही धडधाकट! एक कान पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असला तरी धडधाकट. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ चा श्रवणविषयक अहवाल मात्र चांगल्या कानात ३५ डेसिबलच्या पुढचा दोष असेल तर त्या माणसाला उपचार आणि पुनर्वसनाची गरज आहे असं धरतो, आणि जगात असे ४३ कोटी लोक आहेत असं सांगतो. ३५ आणि ६० च्या मधली माणसं कुठे गेली? पन्नास-पंचावन्न डेसिबलचा दोष असलेल्याला नेहमीच्या आवाजातलं बोलणं बरंचसं कळत नाही. ग्रामसभेत तो बसतो, मान हलवतो, अंगठा देतो. त्याला प्रमाणपत्र नाही. प्रमाणपत्र नाही म्हणून केंद्राच्या साहाय्यक साधनांच्या योजनेतलं मशीन नाही. त्याच योजनेतलं कॉक्लिअर इम्प्लांट तर अठरा वर्षांच्या आतल्या मुलांसाठीच. मुलांना मिळतं हे योग्यच आहे, त्यावर माझा आक्षेप नाही. पण चाळिशीत कान गेलेल्या मजुराचं काय? क्षयरोगावरच्या कानामायसिनसारख्या इंजेक्शनांनी ज्यांचे कान गेले, त्यांचं काय? ती इंजेक्शनं वापरू नका असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सांगितलं. त्याआधी ज्यांनी ती घेतली ती माणसं अजून जिवंत आहेत, आणि क्षयरोग कुणाच्या वस्त्यांत जास्त असतो हे मी सांगायला नको.

राज्य सरकार म्हणेल, आमची मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे. आहे ना! २०२४ पासून, पासष्टच्या पुढच्यांना एकदाच तीन हजार रुपये. त्यात चष्मा, काठी, कमरेचा पट्टा आणि श्रवणयंत्रसुद्धा. तीन हजारात आलेखाप्रमाणे लावता येणारं बरं डिजिटल मशीन एका कानाचंही येत नाही. येतं ते कानात फक्त आवाज मोठा करणारं खेळणं. ते पुन्हा पेटीतच जाणार.

कुणी म्हणेल, म्हातारपणी ऐकू कमी येतंच, त्यात काय एवढं? म्हातारपणी दिसायलाही कमी येतं. मग मोतीबिंदूचं ऑपरेशन का करता, चष्मा का देता? डोळ्याचं दुःख दिसतं, कानाचं दिसत नाही, उलट त्यावर विनोद होतात. आणि हे फक्त म्हातारपणाचंही नाही. आपल्या तालुक्यातली पोरं गोकुळ शिरगाव, शिरोलीच्या फौंड्र्यांत, साखर कारखान्यांत राबतात. खाणीत ड्रिलिंगवर असतात. आवाजाने येणारं बहिरेपण १९४८ च्या कारखाने कायद्याच्या नोंद करण्याजोग्या व्यावसायिक आजारांच्या यादीत होतं. त्याच वर्षीच्या राज्य कामगार विमा कायद्याच्या यादीतही ते होतं, आणि या विम्याची पायाभरणी बाबासाहेब मजूरमंत्री असताना झाली. पण ठेकेदाराकडच्या पोराची नोंदच नसेल तर आजाराची नोंद कुठून होणार? कामाला लागताना त्याचा ऑडिओग्राम काढलेला नसतो. म्हणजे वीस वर्षांनी कान गेला तर तो कारखान्यात गेला हे सिद्ध करायला त्याच्याकडे कागद नाही.

इथे आपल्याच माणसांना एक बोलायचंय, राग आला तरी चालेल. जातीने वाजवायला लावलेली हलगी आणि बँड सोडा, हे आपण सांगत आलो. आणि आता जयंतीला स्वतःच्या पैशाने डॉल्बीच्या भिंती आणतो. समोर शाळेची पोरं नाचतात, बाजूला आण्णांच्या पिढीची माणसं खुर्चीत बसलेली असतात. रात्री कानात कुईं आवाज येतो आणि सकाळपर्यंत थांबत नाही, ती कानाला झालेल्या इजेची खूण आहे. आतल्या कानातल्या केसासारख्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. गणपतीवाले लावतात म्हणून आपणही लावायचं, हा युक्तिवाद बाबासाहेबांच्या अनुयायाच्या तोंडी शोभत नाही.

"चळवळीपुढे मोठे प्रश्न आहेत, तू कानाचं काय घेऊन बसलास?" असंही मला एकाने ऐकवलं. मोठाच प्रश्न घेऊ. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली. त्यानुसार तोंडी दिलेली फिर्याद लिहून घेतल्यावर ती फिर्यादीला वाचून दाखवणं आणि मगच सही घेणं, हे अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. फिर्यादी पन्नास डेसिबलवाला असेल तर? अधिकारी भरभर वाचतो, फिर्यादी मान हलवतो, सही होते. दोन वर्षांनी कोर्टात उलटतपासणीत वकील विचारतो, "तुम्ही असं सांगितलं होतं का?" आणि साक्षीदार प्रश्न चुकीचा ऐकून चुकीचं उत्तर देतो. किती केसेस अशा ढासळल्या असतील, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. धरणाचंही तेच. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे उघडायला लागले की नदीकाठच्या गावांना इशारा दिला जातो. २०१९ आणि २०२१ चा पूर आपण बघितलाय. रात्री दोन वाजता भोंगा फिरतो, तेव्हा एकटी राहणारी बहिरी म्हातारी तो कशी ऐकणार?

शाहू महाराजांनी मूकनायकासाठी बाबासाहेबांना अडीच हजार रुपये दिले. १९२० ची गोष्ट. बोलू न दिलेल्यांना आवाज मिळावा म्हणून. त्याच महाराजांनी भोगावती अडवून हे धरण बांधायला घेतलं आणि या गावाला आपल्या लेकीचं नाव दिलं. दुष्काळात पाणी वाटण्याचा समारंभ करून ते थांबले नाहीत, एवढंच मला शिबिरवाल्यांना सांगायचंय.

आपली मागणी फार मोठी नाही. राधानगरीच्या ग्रामीण रुग्णालयात पंधरा दिवसांतून एक ठरलेला दिवस, एक श्रवणतज्ज्ञ, एक शांत खोली, साचा घ्यायची सोय आणि सेल. दिवस ठरलेला हवा, म्हणजे माणूस परत येतो. शिबिरं घ्यायचीच असतील तर मशीन वाटणाऱ्याने पुढच्या तीन भेटींच्या तारखा लिहून द्याव्यात, मग खुशाल फोटो काढावेत. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी आणि पंधरा टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचा असतो. त्यातून प्रमाणपत्रवाल्यांना आणि आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांना सेल आणि एसटीचं भाडं द्यायला काय हरकत आहे? बहुतेक ठिकाणी त्या पैशात सतरंज्या आणि खुर्च्या येतात.

बारावी सायन्सच्या पोरापोरींनाही सांगतो. एमबीबीएसला नंबर लागला नाही म्हणून रडत बसू नका. श्रवण आणि वाचा उपचाराची पदवी चार वर्षांची आहे, त्यातलं एक वर्ष इंटर्नशिप. मुंबईत अली यावर जंग संस्थेत आणि नायर रुग्णालयाच्या कॉलेजात ती होते, आरक्षण आहे. ज्याला "शिट्टी वाजतीया" हे न हसता समजतं असा श्रवणतज्ज्ञ आपल्यातूनच यायला हवा.

या महिन्यात एवढं करा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाका, दारिद्र्यरेषेखालच्याला तेही लागत नाही. अर्ज जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याला. विचारा: गेल्या तीन वर्षांत राधानगरी तालुक्यातल्या किती प्रौढांची श्रवण तपासणी झाली, किती जणांना मशीन मिळालं, मशीन दिल्यावर त्यातल्या किती जणांना परत बोलावून तपासलं, आणि बहिरेपण प्रतिबंध कार्यक्रमातली किती पदं भरलेली आहेत. दुसरा अर्ज आपापल्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे, पाच आणि पंधरा टक्क्यांच्या खर्चाचा. उत्तरं आली की वस्तीच्या बैठकीत वाचू. त्या दिवशी आण्णांना पुढच्या खुर्चीत बसवा, आणि जो वाचेल त्याने त्यांच्याकडे तोंड करून वाचावं.

जय भीम.